आबांच्या छतातल्या वायरी

आमच्या तेरच्या घरी वरच्या मजल्यावर एक हॉल आहे. त्याच्या पीओपीच्या छतातून, बरोबर मधोमध, चार वायरींची टोकं खाली लोंबतात. एकीला हिरवं, निळं, लाल अशी तीन डोकी. दुसरीला पंधरा पिनांचं निळं डोकं, जे जुन्या कॉम्प्युटरला लागायचं. तिसरी आवाजाची, बारीक. चौथी राखाडी, नेटवर्कची, तिला डोकंच नाही. समोरच्या भिंतीत कपाटामागं याच चौघींची दुसरी टोकं निघतात. मधलं अंतर चौदा मीटर. ते सगळं छताच्या पोटात, पाइपातून गेलेलं.

या वायरी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, २००९ साली स्वतः ओढल्या. ते वायरमन. आता निवृत्त आहेत, पण गावात कुणाचा फॅन अडला तरी हाक त्यांनाच येते.

मागच्या चैत्रात, गोरोबाकाकांच्या यात्रेला पंधरा दिवस असताना, मी पुण्याहून नवा प्रोजेक्टर घेऊन घरी आले. यात्रेला पाहुणे येतात, हॉल भरतो. सगळ्यांना मोठ्या भिंतीवर काहीतरी दाखवावं, एवढाच बेत होता. खोका उघडला, प्रोजेक्टर उलटा करून पाहिला. मागं एचडीएमआयची दोन भोकं, एक यूएसबी, एक पॉवर. संपलं. छतातल्या चारपैकी एकही डोकं त्यात बसणार नव्हतं.

मी म्हटलं, "आबा, पीओपी थोडं फोडू. एक दिवसाचं काम आहे. नवी वायर टाकू आणि बुजवून घेऊ."

आबा चष्मा पुसत होते. वर न बघताच म्हणाले, "छताला हात लावायचा न्हाई."

छत म्हणजे काय

आमच्या जिल्ह्यातल्या एका पिढीला छताबद्दल सहज बोलता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. लोक विसर्जन करून दमून झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली. त्यातली बरीचशी जमीन हलल्यानं नाही, तर घर अंगावर आल्यानं गेली.

घरं कशी होती ते समजून घ्या. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि सगळ्यांत वर मातीचा जाड थर. हे माळवद. उन्हाळ्यात आत गारवा राहायचा, वर वाळवणं घालता यायची, रात्री झोपता यायचं. पावसाळ्याआधी गळती थांबवायला दरवर्षी नवी माती टाकायची. थर वाढत जायचा, वजनही वाढत जायचं. ते सगळं वजन त्या पहाटे खाली आलं.

तेर किल्लारीपासून लांब आहे, पण हादरा इथंही बसला. मी तीन वर्षांची होते, मला काही आठवत नाही. आबांना आठवतं. पुढं दोन महिने ते भूकंपाच्या गावांत वीज जोडायच्या कामावर होते. तिथं काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परत आल्यावर एवढंच केलं, की आमच्या माळवदाच्या घराचं वजन आधी उतरवलं आणि पैसे साठतील तसं खांब-बीमचं घर बांधलं. त्या घराला मग मी छन्नी-हातोडा लावायचं म्हणत होते. पीओपी म्हणजे काही स्लॅब नव्हे, हे त्यांनाही माहीत होतं. पण हातोड्याचा आवाज तर वरूनच येणार होता.

मी वाद घातला नाही. म्हटलं, आहे त्या वायरींवर चित्र आणून दाखवू.

थापटणं

आमच्या गावची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी थापटणं घेतलं आणि मडकी तपासावीत तसं एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं. कोण पक्कं, कोण कच्चं. नामदेव कच्चे निघाले, अशी कथा आहे.

आबांनी मल्टिमीटर काढला. मी एका टोकाला, ते दुसऱ्या टोकाला. एकेक तार लावायची आणि 'टीं' आवाज ऐकायचा. सगळ्या वायरी पक्क्या निघाल्या. इतक्या वर्षांत उंदीर नाही, गंज नाही, तुटलेली तार नाही. त्यांनी विजेच्या वायरींपासून वेगळा पाइप घेतला होता, त्यामुळं बाकी सगळं बदललं तरी हा पाइप कुणी उघडला नव्हता.

"चालू हाय की सगळं," आबा म्हणाले.

चालू होतं. पण उपयोगाचं नव्हतं. या दोन्हींत फरक काय, हे कळायला मला वायरींचा इतिहास वाचावा लागला.

हिरवी-निळी-लाल ही कंपोनंट केबल. चित्राचे तीन भाग करायचे, उजेडाचा एक आणि रंगाचे दोन, आणि प्रत्येकाला स्वतंत्र तार द्यायची. त्या गोल डोक्याचा जन्म १९३० च्या दशकातला, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या रेडिओ-ग्रामोफोनसाठी झालेला. आतली तार कोअॅक्सियल, म्हणजे मध्ये एक तार आणि भोवती जाळीचं कवच. तिचं पेटंट इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० साली घेतलं होतं. पंधरा पिनांची व्हीजीए १९८७ ची, आयबीएमच्या कॉम्प्युटरबरोबर आलेली. या दोन्हींवरून चित्र लाटेसारखं जातं: उजेड जास्त तर दाब जास्त, कमी तर कमी. याला ॲनालॉग म्हणतात.

एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. तिच्यातून चित्र आकड्यांत जातं, शून्य आणि एक. त्यामुळं 'डोकं बदललं की झालं' असं होत नाही. भाषाच वेगळी आहे.

तरीही इथपर्यंत मला वाटत होतं, की जुनं तंत्र कमी पडलं म्हणून गेलं. तसं पूर्ण खरं नाही. कंपोनंट केबलवरून हाय डेफिनिशन चित्र व्यवस्थित जायचं. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीनं षटकार मारून वर्ल्ड कप जिंकला, तो आमच्या गल्लीनं याच हॉलमध्ये, याच तीन तारांवरून पाहिला. सेकंडहँड प्रोजेक्टर होता, भिंतीला नुकता चुना मारला होता. साठ-सत्तर माणसं असतील. जिन्यातही बसली होती.

पण ॲनालॉग तारेला कुलूप लावता येत नाही. तिच्यातून जाणारं चित्र कुणीही रेकॉर्ड करू शकतो. एचडीएमआयला कुलूप आहे. त्याचं नाव एचडीसीपी, ते इंटेलनं बनवलं. चित्र सोडण्याआधी दोन्ही बाजूंची यंत्रं एकमेकांच्या चाव्या तपासतात. चावी जुळली नाही, तर पडदा काळा. ब्लू-रे डिस्कचं कुलूप सांभाळणाऱ्या एएसीएस व्यवस्थेच्या परवान्यात तर सरळ तारखा घातल्या होत्या. २०१० नंतर बनलेल्या प्लेअरनी ॲनालॉग तारेवर फक्त जुन्या दर्जाचं चित्र द्यायचं, आणि २०१३ नंतर बनणाऱ्यांनी तेही द्यायचं नाही. या प्रकाराला नावही छान होतं, 'ॲनालॉग सनसेट'. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांनी व्हीजीएदेखील काही वर्षांत बंद करायचं जाहीर केलं.

म्हणजे आमच्या गल्लीनं तो षटकार पाहिला, तेव्हा ज्या वायरीवरून पाहिला तिच्या मरणाची तारीख आधीच ठरलेली होती. छतातली तार कुठंही झिजली नव्हती. तिच्या दोन्ही टोकांच्या दुनियेनं आपसात वेगळा करार केला होता.

कुर्डुवाडीची हमाली

पहिला प्रयत्न कन्व्हर्टरचा. एका टोकाला एचडीएमआयचं व्हीजीए करणारी डबी, छतातून व्हीजीए वायर, दुसऱ्या टोकाला व्हीजीएचं परत एचडीएमआय करणारी डबी.

आबांनी दोन्ही डब्या हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "ही तर कुर्डुवाडी झाली."

ज्यांना लागलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागातली जुनी रेल्वे म्हणजे बार्शी लाइट. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाली, १९११ साली लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पण कुर्डुवाडीला भेटणारी मुंबईची मोठी लाइन साडेपाच फुटांची. डबे एकीवरून दुसरीवर जाऊच शकत नव्हते. त्यामुळं लातूरकडून आलेला माल कुर्डुवाडीला उतरवायचा आणि मोठ्या गाडीत भरायचा. येणाऱ्या मालाचं तसंच, उलट. प्रत्येक पोत्यामागं वेळ, हमाली आणि सांडलवंड. पुढं या मार्गाचं ब्रॉडगेज झालं, तेव्हा कुठं हे थांबलं.

कन्व्हर्टरची डबी नेमकं हेच करते. आकड्यांतलं चित्र उतरवून लाटेत भरते, पलीकडं लाट उतरवून परत आकड्यांत. आमच्याकडंही सांडलवंड झाली. लॅपटॉपचा पडदा दिसला, पण अक्षरांच्या उजव्या बाजूला फिकट सावली. चौदा मीटर बारीक व्हीजीए वायरीत तसं होतं. आणि सिनेमाचं ॲप उघडल्याबरोबर पडदा काळा. डबीकडं चावी नव्हती.

दुसरा प्रयत्न जास्त आशेचा होता. आबांनी २००९ साली पाइपात एक रिकामी जीआय तारही टाकून ठेवली होती. पुढं कधी काही ओढायचं झालं तर तिला बांधून ओढायचं. मी पंधरा मीटरची एचडीएमआय केबल आणली, तिचं डोकं जीआय तारेला बांधलं, टेप गुंडाळला आणि ओढायला लागलो. नऊ-दहा मीटर मजेत गेली. मग बीमच्या वरच्या वळणावर अडकली. तिथं सावकाश वळणारा बेंड नव्हता, काटकोनी एल्बो होता. पंचवीस मिलिमीटरचा पाइप, त्यात आधीच चार वायरी, आणि त्यात हे रुंद, चपटं, ताठ डोकं.

आबा गप्प बसले. मग म्हणाले, "तवा बेंड मिळाला न्हाई. एल्बोवर भागवलं." थोड्या वेळानं, "माझीच चूक हाय."

हे वाक्य मला नको होतं. मी हळूहळू केबल मागं ओढून काढली, जीआय तार होती तिथं परत सरकवली आणि बाहेर पडले.

तगर

तेरमध्ये चिडून बाहेर पडलं, की माणूस दोन हजार वर्षांत जाऊन पडतो. पर्याय नाही. गावाभोवती पांढरीची टेकाडं आहेत. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' नावाची समुद्रमार्गांची माहितीपुस्तिका लिहिली. तिच्यात तगर नावाचं मोठं शहर येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून जाडंभरडं कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचं आणि तिथं जहाजात भरलं जायचं. भडोच ही त्या काळची कुर्डुवाडीच.

हे तगर नक्की कुठलं, यावर विद्वानांत बरंच चाललं. कुणी देवगिरी म्हणालं, कुणी जुन्नर, कुणी धारूर. १९०१ साली जे. एफ. फ्लीट यांनी तगर म्हणजे तेर, असं मांडलं आणि ते टिकलं. मधल्या काळात गंमत अशी, की कोकणातले आणि कोल्हापूरचे शिलाहार राजे शेकडो वर्षं स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत होते. शहराचा व्यापार केव्हाच बसला होता, नाव चालू होतं.

व्यापार बसल्यावर शहराचं काय झालं? लोकांनी ते वापरलं. पांढरीची माती चिकट, पाणी कमी झिरपू देणारी. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ती खणून नेली, भिंतींना लावली, माळवदावर टाकली. म्हणजे आमच्या जुन्या घराच्या छतातही तगर होतं. आजी सांगायची, पहिल्या पावसात माळवदाची माती धुपली की मणी दिसायचे. आम्ही ते गोट्यांसारखे खेळायचो, असं ती म्हणायची. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशा खणताना निघणाऱ्या वस्तू जन्मभर गोळा केल्या नसत्या, तर त्या सगळ्या अशाच कुठंतरी गेल्या असत्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज गावात आहे. मातीच्या मूर्ती, मणी, आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिची तुलना इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी होते.

मी त्रिविक्रमाच्या देवळात जाऊन बसले. हे देऊळ बाहेरून जरा विचित्र दिसतं. पुढं सपाट छताचा मंडप. मागं विटांची जुनी इमारत, मागची बाजू अर्धगोल, वर होडी पालथी घातल्यासारखं छत. कार्ल्याचं लेणं पाहिलं असेल तर हा आकार ओळखीचा वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री कझेन्स यांनी इथं पाहणी केली. मूळची ही इमारत बौद्ध चैत्यगृह असावी आणि नंतर तिचं वैष्णव मंदिर झालं, असं त्यांचं मत. सगळे अभ्यासक हे मानत नाहीत. पण पुढचा मंडप मागाहून जोडलेला आहे, हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं.

लहानपणी शाळेची सहल इथं यायची, तेव्हा गुरुजी 'किती जुनं आहे' तेवढंच सांगायचे. त्या दिवशी मला वेगळा प्रश्न पडला. तगरातल्या विटांच्या बाकीच्या इमारती गेल्या, हीच का राहिली? उत्तर साधं असावं. हिच्यात रोज कुणीतरी दिवा लावत राहिलं. कुणी गळती थांबवली, कुणी पुढं मंडप जोडला. जिला नवं काम मिळालं नाही, तिच्या विटा दुसऱ्यांच्या भिंतीत गेल्या.

वायरींचा इतिहासही याहून वेगळा नाही. बोलण्यासाठी टाकलेल्या टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून २००५ पासून बीएसएनएलचं ब्रॉडबँड घरोघरी आलं. तार तीच, फक्त टोकाला नवी डबी. केबल टीव्हीच्या ॲनालॉग काळातली काळी वायरही तशीच. २०११ च्या कायद्यानं देशभर डिजिटल सेट टॉप बॉक्स सक्तीचे केले. मुंबईत ते २०१२ अखेर झालं, खेड्यांना २०१७ पर्यंत मुदत मिळाली. बऱ्याच घरांत भिंतीतली वायर कुणी बदलली नाही. तीच वायर नवी भाषा शिकली.

मग आमच्या चौघींपैकी कुणाला नवी भाषा येईल? उठता उठता मला राखाडी वायर आठवली. बिनडोक्याची.

चार जोड्या

आबांनी ती का टाकली होती, ते मी घरी येऊन विचारलं. "इंटरनेट कधी आलं तर असावी," ते म्हणाले. इंटरनेट पुढं मोबाइलवरून आलं. वायर तशीच राहिली.

नेटवर्कच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, एकमेकींना पीळ दिलेल्या. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि पलीकडं वजा होऊन जातो. ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या १८८१ च्या पेटंटमधली आहे. आणि २०१० साली याच प्रकारच्या वायरीवरून एचडीएमआयचं पूर्ण चित्र, कुलपासकट, शंभर मीटरपर्यंत नेणारं एचडीबेसटी नावाचं मानक आलं. इथं कुर्डुवाडी नाही. आकडे आकड्यांतच जातात, चाव्याही तशाच पोचतात.

आबांनी एका तारेवर ब्लेडनं ओरखडा काढून दाखवला. आतही तांबंच. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर नुसता तांब्याचा मुलामा असतो, खरवडलं की पांढरं दिसतं. "तवा दुप्पट पैसे दिले होते," ते म्हणाले. एल्बोची बाकी त्यांनी इथं चुकती केली असावी.

एचडीबेसटीच्या दोन डब्या मागवल्या. दोन्ही टोकांना मीच डोकी क्रिम्प केली. सोपं म्हणून रंग ओळीनं लावले: दोन्ही टोकांना सारखे असले की झालं. मीटरवर आठही तारा 'टीं'. पडद्यावर मात्र चांदण्या. चित्र यायचं, चमचमायचं, जायचं. आबांनी माझं डोकं (वायरीचं) भिंगाखाली धरलं आणि हसले. ठरलेल्या क्रमात हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना जाते: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. मी ओळीनं लावताना दोन जोड्या फोडल्या होत्या. तारा जुळत होत्या, पीळ सुटला होता. थापटण्याला हे कळत नाही.

आबांचे हात थरथरतात हल्ली. तरी दुसऱ्या वेळी डोकी त्यांनीच लावली. मी फक्त टॉर्च धरला.

चित्र आलं. स्वच्छ, सावलीशिवाय. सिनेमाचं ॲपही उघडलं. आमचा प्रोजेक्टर फुल एचडी आहे, त्याला ही वायर पुरून उरते. उद्या कुणी याहून भारी आणला तर कदाचित पुरणार नाही.

यात्रेच्या दिवशी हॉल भरला. माणसं २०११ पेक्षा कमी होती. काही पुण्या-मुंबईला गेली, काही राहिली नाहीत. आबा भिंतीकडं कमी आणि छताकडं जास्त बघत होते.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "बाकीच्या तीन वायरी काढून टाकू का? पाइप मोकळा होईल."

"राहू दे. खायला मागतात का त्या?"

मग त्यांनी मार्कर मागितला. प्रत्येक टोकाला पांढरा टेप गुंडाळला आणि त्यावर लिहायला सांगितलं: कुठून कुठं जाते, किती मीटर, साल २००९. शेवटच्या टेपवर, जीआय तारेच्या, त्यांनी स्वतः लिहिलं. अक्षर वाकडं आलं आहे, पण वाचता येतं: "बीमवर एल्बो आहे. सावकाश ओढा."